अर्धवट सोडलेली पुस्तकं: तुम्ही कितव्या पानावर हात टेकता?

डोंबिवलीकरीण | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, १९९६ पासून मी एक वही ठेवते. पुस्तकाचं नाव, लेखक, संपवल्याची तारीख आणि एका ओळीचा शेरा. लग्न, दोन बाळंतपणं, रोजची डोंबिवली-सीएसएमटी लोकल, सगळ्यातून वही टिकली. यंदा मात्र तारखेचे नऊ रकाने कोरे आहेत. एकवीस पुस्तकं हातात घेतली, तडीस गेली बारा.

पुरी झालेल्यांत कृष्णात खोतांची 'रिंगाण' सगळ्यात वर (२०२३ चा साहित्य अकादमी). धरणापायी गाव उठतं, माणसं दुसरीकडे जातात, मागे राहिलेली म्हैस आणायला एक जण परत येतो, तर ती पार रानटी झालेली. एवढ्याशा गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी आहे आणि कुठे पातळ होत नाही. पहिल्या वीस पानांना मात्र घाम फुटला होता. 'स्मृतिचित्रे' चौथ्यांदा वाचलं. कॉलेजात असताना लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला खो खो हसले होते. या वेळी हसू कमी आलं, ते सोवळं निस्तरणाऱ्या घरातल्या बायकाच दिसत राहिल्या. 'बनगरवाडी' एका रविवारात, दुपारच्या झोपेच्या मोबदल्यात.

सोडलेल्यांत रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत', दोनशेच्या आसपास. वाईट अजिबात नाही हो. पण लोकलमध्ये उभ्याने तो ठोकळा एका हातात पेलत नाही, आणि रात्री घरी उघडावं तर कितवा पाटील चालू होता तेच आठवत नाही. 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड वाचला, दुसरा आणलाच नाही. आणि नेमाड्यांचं 'हिंदू'. तीनदा मोहेंजोदडोला जाऊन आले, मोरगाव काही येईना.

पूर्वी मी पुस्तक सोडत नसे. आता पन्नास पानांत सूर लागला नाही की मिटते, आणि मग दोन दिवस कुणाचे तरी पैसे बुडवल्यासारखं वाटत राहतं. तुम्ही काय करता? किती पानं देता? 'मी सगळं वाचतो'वाल्यांनी पुरावा जोडावा.

वरणभात | सोमवार, रात्री १०:१५

पहिला! सविस्तर नंतर लिहितो.

अण्णा_सदाशिव | सोमवार, रात्री १०:४०

मी सगळं वाचतो. पुरावा म्हणून शेजारी बायको बसली आहे.

आमच्याकडे ताटात वाढलेलं टाकायचं नाही आणि उघडलेलं पुस्तक अर्धं ठेवायचं नाही असा दंडक होता. लेखक एकेका कादंबरीला पाच-पाच, दहा-दहा वर्षं देतो, आणि आपण पन्नास पानांत निकाल लावणार? पहिल्या पानापासून पकड हवी असेल तर टीव्हीवरच्या मालिका आहेत की.

'रिंगाण'बद्दल मात्र मतभेद. वाचली, पूर्ण वाचली. पण बोलीचा अतिरेक आहे. दर ओळीला अडखळायचं असेल तर मागे शब्दार्थ तरी द्यावेत.

मृण्मयी_के | सोमवार, रात्री १०:५२

अण्णा, भात करपलेला असला तरी संपवायचा?

अण्णा_सदाशिव | सोमवार, रात्री १०:५५

संपवलेला आहे. काढून घेतलेल्या खरपुडीसकट.

पन्हाळ्याचा गडी | सोमवार, रात्री ११:२०

काय ओ अण्णा, शब्दार्थ द्यावेत म्हणं. पहिलीच्या पुस्तकापासनं आम्ही तुमची भाषा वाचली. घरात 'न्हाई' आणि पुस्तकात 'नाही'. पेपरात 'न्हाई' लिवलं की गुर्जी लाल रेघ मारायचे. तवा आमाला कुणी मागं शब्दार्थ दिलं नव्हतं, आणि आमी पुस्तक सोडलं बी नाही, कारण सोडलं असतं तर नापास. आता एका कादंबरीत तुमी थोडं अडखळला तर कुठं बिघडलं?

(आता प्रमाण मराठीत, म्हणजे वाचायला सोपं जाईल.) गंमत बाजूला. ही भाषा डोळ्यांनी वाचायची नाहीच. आमच्या आजीला पहिली चार पानं वाचून दाखवली तर ती मध्येच म्हणाली, "म्हशीला असं बोलत्यात व्हय? हाळी देत्यात." आणि खरंच पुढं तसलंच काहीतरी आलं. तिला एकही शब्द अडला नाही. तिची शाळा झाली नाही, हे जाता जाता.

अण्णा_सदाशिव | सोमवार, रात्री ११:३१

मुद्दा मान्य. लाल रेघा मारणाऱ्यांत आमचे तीर्थरूपही होते, त्यामुळे मी गप्प.

डोंबिवलीकरीण | मंगळवार, सकाळी ८:०५

@पन्हाळ्याचा गडी, अगदी हेच झालं! एकविसाव्या पानावर वैतागून स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला लागले. नवरा भांडी लावत होता, तो थांबून ऐकायला लागला. तिथून सुरळीत. म्हणजे माझ्या डोळ्यांनी पन्नास पानांच्या आतच निकाल दिला होता, कानाने तो फिरवला.

कोपर गेलं, गर्दी चढली. उरलेलं संध्याकाळी.

जर्सीचा_नाना | मंगळवार, सकाळी ९:१०

न्यू जर्सीतून. आमच्याकडे पुस्तक सोडण्याचा प्रश्न वजनकाट्यावर सुटतो. तेवीस किलोच्या दोन बॅगा. आई म्हणते भाजणी ने, बायको म्हणते लोणचं ने, मी म्हणतो 'सातपाटील' नेतो. तिघांत कोण हरतं ते सांगत नाही. एवढ्या लांब वाहून आणलेलं पुस्तक अर्धवट सोडायला छाती लागते, त्यामुळे कंटाळवाणीही संपवतो. मात्र किंडलवर घेतलेली, मोजली नाहीत, पण तीसेक तरी दहा-बारा टक्क्यांवर पडून आहेत. ज्याला वजन नाही त्याची लाजही वाटत नाही.

मृण्मयी_के | मंगळवार, सकाळी ९:३४

+१ नाना. टक्के दिसायला लागले तिथेच वाचन बिघडलं. जाड पुस्तकात डावा हात जड होत जातो त्यात एक समाधान असतं.

खान्देशी_ठेचा | मंगळवार, दुपारी १:१५

ताई, 'हिंदू' तुम्ही दारातून आत जायला बघताय म्हणून अडकताय. मागच्या परसातून शिरा. मोहेंजोदडोचं उत्खनन राहू द्या बाजूला. मोरगावातलं खंडेरावचं घर, शेती, गडीमाणसं, आत्या-काक्या, तिथलं कुठलंही पान उघडा आणि तीस पानं वाचा. मग सुरुवातीला परत या. त्या पुस्तकाचं पूर्ण नावच 'हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ' आहे. अडगळीच्या खोलीत कुणी रांगेने जातं का?

मी स्वतः २०१० साली, आलं त्या वर्षीच घेतलं आणि जळगाव-पुणे गाडीत सुरू केलं. मनमाडला सोडलं. चार वर्षांनी नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा लाजेकाजेस्तव पुन्हा काढलं आणि मधूनच उघडलं. आमच्याकडची माणसं, आमच्याकडच्या शिव्या. मग नाही थांबलो.

'कोसला'चं उलट झालेलं. एका रात्रीत संपवली आणि सहा महिने दर वाक्याला 'वगैरे' लावत होतो. बाप वैतागला होता.

दगडी_पाटी | मंगळवार, दुपारी १:४०

कशाला हे सगळं विकत घेता? आमच्या ग्रुपवर सगळ्याच्या पीडीएफ आहेत. हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मृण्मयी_के | मंगळवार, दुपारी १:४४

नका करू. मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते हजारभर प्रतींची, आणि तुमच्या ग्रुपवर लोक किती?

दगडी_पाटी | मंगळवार, दुपारी १:४९

नऊशे ऐंशी. पण ताई, वाचत कुणीच नाही. नुसतं 'धन्यवाद सर' आणि फुलांचा गुच्छ.

वरणभात | मंगळवार, दुपारी १:५२

म्हणजे आवृत्ती संपली, वाचक शून्य. नवा विक्रम.

मांडवीकाठची | मंगळवार, दुपारी ४:२०

पणजीहून. कंटाळून सोडणं वेगळं आणि झेपत नाही म्हणून सोडणं वेगळं. महाबळेश्वर सैलांचं 'तांडव' मी दोनदा खाली ठेवलंय. सोळाव्या शतकातल्या गोव्यातली धर्मांतरं, मोडलेली घरं. त्यातल्यासारखी गावं मी रोज बसमधून बघते. माझ्या शेजारणीचं आणि माझं कुलदैवत एक, ती रविवारी चर्चला जाते. ते वाचून झालं की तिच्या हातचं सान्नां खाताना घास फिरतो. पुस्तक उत्तम आहे, म्हणूनच सुटतं.

पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून (१८३२ सालापासूनचं आहे आमचं, हे इथल्या पुणेकरांसाठी) तिसऱ्यांदा आणलंय. बघू.

अण्णा_सदाशिव | मंगळवार, सायं. ५:०२

पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. सोळा वर्षांनी हरलो. आज माझा दिवस नाही.

रत्नांग्री_आंबा | मंगळवार, सायं. ५:१०

१८२८. रत्नागिरी नगर वाचनालय. दोघेही बसा खाली.

शिक्का_आणि_शाई | मंगळवार, रात्री ९:३०

धागा कालपासून नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. (१९६७ च्या कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यावर अनुदान ठरतं. ते कधी येतं हा वेगळा धागा होईल.) आयुष्य देवघेवीच्या टेबलामागे गेलं. लोक पुस्तक परत देताना म्हणतात, "छान आहे हं." मी मान डोलवायचो आणि पुस्तकाची कड बघायचो.

तुम्हीही बघा. ग्रंथालयातलं वीस-पंचवीस वर्षं फिरलेलं पुस्तक घ्या, मिटा, आणि पुठ्ठ्याकडून नाही तर पानं उघडतात त्या बाजूने उजेडात धरा. जिथपर्यंत बोटं लागली तिथपर्यंत कड मळकट, तेलकट, करड्या रंगाची. जिथे लोकांनी सोडलं तिथून पांढरी. इतकी स्पष्ट रेघ दिसते की पट्टी लावून पान सांगता येईल. जाड ऐतिहासिक कादंबऱ्यांत ही रेघ पहिल्या पाव भागातच असते. आणि कित्येकांत अगदी शेवटची आठ-दहा पानं पुन्हा मळकी! मधलं ओलांडून लोकांनी शेवट तेवढा बघून घेतलेला. 'स्मृतिचित्रे'ची कड एकसारखी काळी. माझ्या ग्रंथालयात त्याचं दोनदा बाइंडिंग केलं. 'बनगरवाडी'चीही तशीच, पण ती एवढीशी आहे. तिथे सोडणार कुठे?

'तुंबाडचे खोत'चं सांगतो, धागाकर्तींनी नाव काढलंच आहे. दोन्ही खंड १९८७ साली आले तेव्हा एकदमच दाखल केले, लागोपाठचे दाखल नंबर. पहिल्याच्या मागे तारखांचा कागद तीनदा बदलावा लागला. दुसऱ्याचा पहिलाच कागद अर्धा कोरा. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर पहिला खंड दर पावसाळ्यात न्यायचे. मी एकदा दुसरा काढून पुढे सरकवला. म्हणाले, "नको. पुढे त्या घराची वाट लागते असं ऐकलंय. माझा खोत वाड्यात नीट राहू दे." तेव्हा पणजीच्या ताई म्हणतात ते मला शंभर टक्के पटलं.

आणि अण्णासाहेब, राग मानू नका. 'मी सगळं वाचतो' म्हणणाऱ्या वाचकांच्या हातून परत आलेल्या पुस्तकांच्या कडा मी पाहिलेल्या आहेत.

मृण्मयी_के | मंगळवार, रात्री ९:३६

काका!! कपाटापाशी उभी आहे आणि एकेक पुस्तक ट्यूबलाइटखाली धरतेय. हे काय करून ठेवलंत.

पन्हाळ्याचा गडी | मंगळवार, रात्री ९:४१

'पानिपत'ला रेघ सापडली. लढाईच्या लई आधी. आमच्या घरातल्या कुणालाच निकाल माहीत नाही म्हणायचा.

वरणभात | मंगळवार, रात्री ९:४३

निकाल सांगू?

अण्णा_सदाशिव | मंगळवार, रात्री १०:२०

तपासणी केली. एकूण चौदा पुस्तकं. दोन पांढरी निघाली. एक आध्यात्मिक आहे, लग्नात आहेर आलेलं, ते धरत नाही. दुसऱ्याचं नाव सांगणार नाही. बायकोने पुरावा मागे घेतला आहे.

खान्देशी_ठेचा | मंगळवार, रात्री १०:३३

काका, रहस्यकथांचं काय? आमच्या गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, 'खुनी मामा आहे'. नऊ वर्षांचा होतो, रडलो होतो.

शिक्का_आणि_शाई | मंगळवार, रात्री १०:५०

खोडरबर टेबलावरच ठेवायचो. तरी एका महाभागाने खोटं नाव लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून तक्रारी थांबल्या, कारण लोक ते खरं की खोटं बघायला शेवटपर्यंत वाचू लागले.

सुलभाआजी | बुधवार, सकाळी ६:१५

मी इथे फारशी लिहीत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं वेड लागेल. नात नववीत आहे, तिने 'बनगरवाडी' रोज थोडी वाचून फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "आई, दोन मिनिटं!" सुरुवातीला धनगरी शब्दांना अडखळायची, मास्तर रुळला तशी तीही रुळली. शेवटी दुष्काळात वाडी उठते तिथे तिने दोनदा घसा खाकरला आणि 'उद्या वाचते' म्हणून बंद केलं. दोन दिवसांनी उरलेलं आलं.

माझीही वही आहे. हे वाचलेलं धरायचं का? तिने ते अर्धवट सोडलं असं म्हणायचं की नाही?

डोंबिवलीकरीण | बुधवार, सकाळी ८:१०

आजी, वहीत दोघींची नावं लिहा. तारखा मात्र दोन दिवस पुढच्या घाला.

(लोकलमध्ये डोळे पुसायची वेळ आणलीत. समोरची बाई विचारतेय बरं वाटत नाहीये का.)

जर्सीचा_नाना | बुधवार, सकाळी ९:००

अवांतर: पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक घेणारे इथे किती? मी घेतो. परदेशात बसून निवडायचं कसं, दुसरं काही कळत नाही. त्यातून 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' मिळाली. पहिली आवडली. दुसरीसोबत जरा कुस्ती झाली, पण चीत झालो नाही.

मृण्मयी_के | बुधवार, सकाळी ९:२५

मी उलटी यादी करते. नाकारलेले पुरस्कार! नंदा खऱ्यांच्या 'उद्या'ला २०२० चा अकादमी जाहीर झाला, त्यांनी घेतला नाही. 'काजळमाया'च्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला तेव्हा जी. ए. कुलकर्णींनी पुरस्कार परत केला. दोन्ही पुस्तकं अफाट. फक्त 'उद्या' रात्री वाचू नका, फोन उशाशी ठेवायची भीती वाटते. आणि जी.ए. सलग वाचू नका. एक कथा, दोन दिवस सुट्टी. 'काजळमाया' मला दीड वर्ष लागलं. त्याला सोडलेलं म्हणायचं की चालू असलेलं?

अण्णा_सदाशिव | बुधवार, सकाळी ९:४०

मुरवलेलं.

दगडी_पाटी | बुधवार, दुपारी १२:३०

कालच्या बोलण्याचा परिणाम म्हणा. आज अप्पा बळवंत चौकात जाऊन 'बलुतं' विकत घेतलं. ग्रुपवर पीडीएफ होती, तीन वर्षं उघडली नव्हती. तिथेच रसवंतीत बसून चाळीस पानं झाली. उसाचा रस गरम झाला.

वरणभात | बुधवार, दुपारी १२:४१

म्हणजे कडेला रस लागलाच असणार. काका खूष.

डोंबिवलीकरीण | शनिवार, सायं. ७:४५

मंडळी, हजेरी.

'हिंदू' परसातून शिरले. @खान्देशी_ठेचा, मोरगावात पोचले एकदाची, सध्या मुक्काम तिथेच. पन्नास पानांचा नियम मी काढून टाकलेला नाही, पण आता पन्नास कुठूनही मोजते. 'सातपाटील' लोकलला न्यायचं नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवायचं, असं ठरलंय. नवऱ्याने माझ्या आधी सुरू केलं आणि तो आता दोन पाटील पुढे आहे. हे मला चालणार नाही.

आज ग्रंथालयात गेले आणि 'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड मागितला. बाईंनी दोन मिनिटं शोधला, वरच्या फळीवरून काढून फडक्याने पुसला. मी तिथेच खिडकीशी कड धरून बघितली. काका म्हणाले तस्सं. थोडं करडं, मग पांढरं शुभ्र. पांढरं सुरू होतं तिथे बरोबर काहीतरी अडकलेलं दिसलं. उघडलं तर एसटीचं जुनं तिकीट. ते पातळ, खरखरीत कागदाचं, पंच मारून भोकं पाडलेलं. कुठून कुठे ते भोकांवरून मला काही कळलं नाही. एकशे अठरा पान. कुणीतरी गाडीत इथवर वाचलं आणि उतरायची वेळ झाली.

मी घरी येईपर्यंत एकशे एकोणीसवर होते.

मांडवीकाठची | शनिवार, सायं. ७:५८

मी 'तांडव' सत्तर पानं. आज शेजारीण आली तेव्हा लपवलं नाही. म्हणाली तुझं झालं की मला दे.

शिक्का_आणि_शाई | शनिवार, रात्री ८:२०

ताई, पुस्तक परत कराल तेव्हा तिकीट त्याच पानात ठेवा. ते गृहस्थ येतील एखादे वेळी.

मुदत किती दिवसांची आहे ते मागच्या कागदावर बघून घ्या.